फोन खाली उतरत नाही

रात्री सव्वादोनला आमच्या गल्लीत ट्रक शिरला. आधी आवाज आला, ट्रक नंतर दिसला. आवाज पहिल्यांदा केबलच्या वायरी ताणल्याचा, मग कुणाच्या तरी बाल्कनीतली कुंडी खाली आल्याचा, मग गल्लीतल्या झाडून सगळ्या कुत्र्यांचा. मी खिडकी उघडली तर पहिल्या मजल्यावरून हात लावता येईल इतक्या जवळ निळी ताडपत्री. गुजरात पासिंगची दहाचाकी गाडी, वर सुताच्या गोणी रचलेल्या, माल इचलकरंजीला जाणारा. पुढे डीपी, मागे दुचाक्यांची रांग, डावीकडे आमच्या सोसायटीची भिंत. आणि केबिनमधून एका बाईचा अत्यंत शांत आवाज येत होता, ‘सीधे जाइए.’

आम्ही नऱ्ह्यात राहतो, नवले पुलाच्या अंगाला. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते : इथे मुंबई-बंगळुरू महामार्ग आणि परवापरवापर्यंत शेतात जाणारी पाणंद यांच्यामध्ये जेमतेम एक कठडा आहे. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले चढले, पाणंद मात्र बैलगाडीच्या मापाचीच राहिली. त्या रात्री कात्रजच्या नव्या बोगद्याच्या उतारावर काहीतरी झालं होतं, बायपास तुंबला होता, आणि त्या शांत बाईने ट्रकवाल्याला अकरा मिनिटं वाचवणारा रस्ता दाखवला. तो रस्ता म्हणजे आम्ही.

ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा, उत्तर प्रदेशातला. खाली उतरून हात जोडून उभा राहिला. आमच्या तळमजल्यावरचे काका एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते लुंगी सावरत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिला प्रश्न विचारला, “क्लीनर किधर है?”

“अकेला हूँ, चाचा.”

काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “क्लीनर नाही,” म्हणाले. घरात कर्ता माणूस उरला नाही हे सांगताना जसा आवाज लागतो, तसा.

मी स्वतः चाकणच्या एका गोदामात ट्रान्सपोर्ट डेस्कवर काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या कानावर रोज पडतो. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतंच, पूर्वीचे ड्रायव्हर नकाशे वाचून गाड्या न्यायचे, आता सगळे जीपीएसवर अवलंबून, डोकं वापरत नाहीत. मी गप्प बसते. कारण पूर्वीचे ड्रायव्हर मी पाहिलेत, लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून खारे शेंगदाणे खाल्लेत, आणि त्यांतल्या एकाच्याही हातात मी छापील नकाशा पाहिलेला नाही.

माझे वडील, अण्णा, भवानी पेठेतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं बुकिंग क्लार्क होते. शेठनी एकदा हौसेने रस्त्यांचा ॲटलास आणला होता, जाडजूड, रंगीत पानांचा. त्याचा उपयोग मी डोळ्यांनी पाहिलाय. पंख्याच्या वाऱ्याने बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, उडू नयेत म्हणून तो त्यांच्यावर ठेवलेला असायचा. फलटणच्या एका मामांनी एकदा कौतुकाने खंबाटकीचं पान उघडलं, घाटाच्या जागी नखाएवढी वाकडी रेघ पाहिली आणि “एवढाच?” म्हणून ॲटलास मिटला. त्या घाटात त्यांचे दोन क्लच गेले होते.

पुढे मी भूगोल घेऊन बीए केलं आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे पहिल्यांदा पाहिले. पुणे शहर ४७ एफ/१४ या पत्रकावर, कात्रज त्याच्या खालच्या ४७ एफ/१५ वर. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक तपकिरी समोच्च रेषा. मी ते पत्रक घरी आणून अण्णांसमोर पसरलं. समजावून सांगायच्या तयारीतच होते मी. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, कात्रजजवळ रेषा एकमेकींना खेटल्यात तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे इथं गाडी तापणार.” समजावण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा अण्णांना नकाशा वाचता येत नव्हता असं कुणी म्हणू नये. कागदावर त्यांना गाडी दिसायची, एवढंच. आम्हाला कॉलेजात डोंगर दिसायचा.

ते स्वतः नकाशे काढायचे. रद्द झालेल्या बिल्टीच्या पाठीवर, कार्बनच्या निळ्या डागांमधून वाट काढत. नवा ड्रायव्हर असला, नवं गिऱ्हाईक असलं, की अण्णा चिठ्ठी करायचे. बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती, म्हणून चिठ्ठीत चित्रं जास्त. पिंपळाला पान, देवळाला झेंडा, पंपाला एक उभा डबा. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतली एक चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, जेजुरीकडच्या मालाची. सुरुवात हडपसरच्या गाडीतळापासून. तिथे उजवीकडे वळणारा बाण. मग फुरसुंगी, वडकी आणि दिवे घाट, तो मात्र चिठ्ठीच्या निम्म्या लांबीचा, कारण ड्रायव्हरचा निम्मा जीव तिथेच जाणार. घाटाच्या बाजूला एक छोटं गोल, आत पाण्याच्या तीन लाटा : मस्तानी तलाव. तो खाली दिसायला लागला की आपण खरोखर चढतोय. माथ्यावर बादली काढलेली आहे, म्हणजे रेडिएटरचं पाणी बघ. शेवटी पालखीचं चित्र आणि त्यावर फुली. आषाढी वारीला निघालेली माऊलींची पालखी याच घाटाने सासवडला जाते, त्या दिवशी या रस्त्याने यायचं नाही. कॅलेंडर आत घेतलेला नकाशा मी तेवढा एकच पाहिला. खाली शब्द फक्त दोन ओळी. ‘चढताना जो गिअर, उतरताना तोच गिअर. घाई शेठला आहे, तुला नाही.’

दुसरी ओळ शेठनी वाचली नसावी.

चिठ्ठी झाली तरी ती अर्धंच काम करायची. उरलेलं अर्धं क्लीनरचं. क्लीनर म्हणजे काच पुसणारा पोऱ्या, असं ज्यांना वाटतं त्यांनी ट्रक फक्त लांबून पाहिलाय. ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरला धड दिसत नाही. ती बाजू म्हणजे क्लीनर. मागे घेताना खाली उतरून फळीवर थाप मारायची, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. झोप लागू नये म्हणून ड्रायव्हरशी बोलत राहायचं. आणि सगळ्यात मोठं काम, उडी मारून खाली जायचं आणि पत्ता विचारायचा. ड्रायव्हर कधी विचारत नसे, तो स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचा, जणू त्याला माहीतच आहे. पोरगं पानाच्या टपरीवर जायचं, पंक्चरवाल्याकडे जायचं, परत येऊन धापा टाकत सांगायचं. अशी पाचसात वर्षं धापा टाकली की त्याच्या डोक्यात रस्ते बसलेले असायचे आणि एक दिवस कुठल्यातरी मोकळ्या पट्ट्यावर उस्ताद त्याला स्टेअरिंग द्यायचा. लायसन पुढे कधीतरी.

मग मालकांनी हिशोब केला. एक पगार, एक भत्ता, एक जेवण वाचतं. रस्ता सांगायला फोन आहेच. तेव्हा फोनने कागदी नकाशाची जागा घेतली, हे वाक्य आमच्याकडे लागू पडत नाही. फोन क्लीनरच्या सीटवर येऊन बसला. रस्ता तो क्लीनरपेक्षा कितीतरी जास्त जाणतो. फक्त तो खाली उतरत नाही.

वाट दाखवणाऱ्याची आपल्याकडे आठवण ठेवायची रीत होती, हेही इथेच सांगून टाकते. बोरघाटात जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा धनगर होता. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती त्याने मेंढरांमागे चालत दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर आमचा देश सोडून जा म्हणाला, म्हणून त्याला गोळी घातली, अशी सांगोवांगीची गोष्ट. घाटातला गाडीरस्ता १८३० सालचा, रेल्वे १८६३ सालची. कुणी म्हणतं त्याने रस्त्याची वाट दाखवली, कुणी म्हणतं रेल्वेची. ट्रकवाले त्या वादात पडत नाहीत, चालत्या गाडीतून नाणं टाकतात आणि पुढे जातात. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, बऱ्याच गाड्या तिकडून जायला लागल्या. वाट दाखवणाऱ्या फोनला अजून कुणी नाणं टाकलेलं ऐकलं नाही. रिचार्ज धरला तर गोष्ट वेगळी.

आता पुण्यात पत्ता विचारणं. हा स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे, आणि पुणेकरांनी त्यावर पुरेसे विनोद स्वतःच करून ठेवलेत. पण त्या विनोदाच्या दुसऱ्या टोकाला बीडहून आलेलं सतरा वर्षांचं क्लीनर पोरगं उभं असायचं, हे मी अण्णांकडून ऐकलंय. ‘येथे पत्ता विचारू नये’ अशी पाटी असलेल्या दारात त्याने पत्ता विचारलेला असायचा, कारण त्याला वाचता येत नव्हतं. दुपारी एक ते चार विचारायची सोयच नाही. पेठेतले पत्ते सगळे देवांच्या हवाली : पत्र्या मारुतीवरून पुढे, उपाशी विठोबाच्या अलीकडे, खुन्या मुरलीधराला वळसा. बाहेरच्या माणसाला यातला कुठला देव ओळखीचा असणार? लकडी पुलावर तेव्हा दुचाकी न्यायची नसायची, पुलाला लाकूड नाही, आणि पाटीवर नाव संभाजी पूल. पोरगं परत यायचं ते रडवेलं होऊन, आणि वर उस्तादच्या शिव्या खायचं. जुन्या दिवसांबद्दल उमाळा दाटून आला की मी मुद्दाम त्याला आठवते.

माहिती मिळायची ती खरी जकात नाक्यावर. तासन्‌तास रांग, इंजिनं बंद, स्टोव्हवर भात. कुठला पूल वाहून गेला, कुठल्या वळणावर आरटीओ उभा आहे, कुठल्या ढाब्यावर डिझेल चोरतात, हे सगळं तिथे या गाडीतून त्या गाडीत जायचं. पुण्यातली जकात २०१३ साली गेली आणि नाक्यांबरोबर ती बातमीही गेली. जकात जाऊ नये असं ट्रकवाल्यांत कुणालाच वाटलं नसेल. मलाही वाटत नाही. महामार्गांचे क्रमांक त्याआधीच, २०१० मध्ये बदलले होते. आमच्या दारातला चार नंबर अठ्ठेचाळीस झाला, सोलापूरचा नऊ नंबर पासष्ट झाला. जुने ड्रायव्हर अजून ‘एनएच फोर’च म्हणतात. त्यांना आकड्यापेक्षा दगडाचा रंग जवळचा, पिवळं डोकं असलं की राष्ट्रीय, हिरवं असलं की राज्य महामार्ग.

आणि आता मी. माझ्यासमोर टेबलावर दोन स्क्रीन असतात, त्यांतल्या एकावर महाराष्ट्राचा नकाशा आणि त्यावर आमच्या भाड्याच्या गाड्या. धावणारी हिरवी, थांबलेली लाल. वीस मिनिटं लाल राहिली की स्क्रीनच्या कोपऱ्यात घंटी वाजते आणि मी फोन लावायचा असतो. “दादा, का थांबलात?” दिवसातून हे वाक्य मी किती वेळा म्हणते, मोजलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी शिरवळच्या पुढे लाल झाली. पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं. फोन उचलेना. मग उचलला. ड्रायव्हर आमच्याकडे चार वर्षं गाडी घेऊन येतात, माझ्यापेक्षा वयाने मोठे, मला ताई म्हणतात. म्हणाले, “ताई, रस्त्यापासून दीड किलोमीटरवर घर आहे. आई पडून आहे. तोंड बघून आलो.” मी बरं म्हटलं. कारण लिहायच्या रकान्यात मी ‘टायर पंक्चर’ लिहिलं.

हा शब्द माझ्या हाताला इतक्या सहज कसा आला, ते घरी येताना बसमध्ये लक्षात आलं. अण्णांच्या रजिस्टरात पंक्चर फार असायची. शेठ म्हणायचे, तुझ्या लाइनला खिळेच जास्त पडलेत. अण्णांना कुणाची बहीण कुठल्या गावात दिलीय ते माहीत होतं, आणि गाडी कुठे पंक्चर होणार ते चिठ्ठी काढतानाच कळायचं. तेव्हा नकाशा ड्रायव्हरच्या खिशात असायचा. आता ड्रायव्हर नकाशावर असतो आणि नकाशा माझ्या टेबलावर. लोक सॅटनॅव्ह, म्हणजे उपग्रहावरून रस्ता सांगणारं यंत्र, चांगला की कागद, यावर भांडतात तेव्हा मला हेच आठवतं. रस्ता दाखवणारा उपग्रह आणि घंटी वाजवणारा उपग्रह एकच आहे.

उपग्रहाला नावं ठेवायचं मात्र कारण नाही. वीस हजार किलोमीटरवरून तो काय सांगतो? वेळ आणि स्वतःची जागा. आपल्या घड्याळात किती वाजले आणि आपण कुठे आहोत ते तो ओरडत राहतो, आणि फोन अशा किमान चार आवाजांवरून आपण कुठे आहोत ते काढतो. अमेरिकेने मे २००० मध्ये मुद्दाम घातलेली गफलत बंद केली, तोपर्यंत सामान्य माणसाला शंभरेक मीटरची चूक सोसावी लागायची. म्हणजे आमची गल्ली, शेजारची गल्ली आणि बायपास, सगळं एकच. आता चूक काही मीटरवर आली, पण नवले पुलासारख्या ठिकाणी काही मीटरच तर महत्त्वाचे. आपण पुलावर आहोत की पुलाखालच्या सर्व्हिस रोडवर, हे फोनला नीट कळत नाही. आणि गाडी केवढी आहे, हे तर तो विचारतच नाही. युरोपात ट्रकसाठी वेगळे सॅटनॅव्ह मिळतात, त्यात उंची, रुंदी, वजन आधी भरायचं, मग तो बुटके पूल टाळून नेतो. तरीही ब्रिटनमध्ये अरुंद रस्त्यांच्या तोंडाशी, सॅटनॅव्ह ऐकून ट्रक आत घालू नका, अशा अर्थाच्या पाट्या लावाव्या लागल्यात. आमच्याकडे ड्रायव्हरच्या हातातला फोन तोच, ॲप तेच, जे माझ्या भाचीच्या स्कूटीवर आहे. त्यात दुचाकी निवडता येते, ट्रक निवडता येत नाही.

उताराचंही तेच. बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार फोनच्या नकाशावर एक गुळगुळीत निळी पट्टी दिसतो. ट्रकच्या ब्रेकची हवा इंजिन भरतं. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की दर ब्रेकला टाकीतली हवा कमी होत जाते, आणि उतार संपता संपत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या, तो आवाज आमच्या घरापर्यंत आला होता. निळ्या पट्टीवर ‘चढताना जो गिअर’ लिहायला जागा नाही असं नाही. कुणी लिहिलेलं नाही, एवढंच.

तर ती रात्र. गाडी मागेच घ्यावी लागणार होती, आलेली तेवढीच सगळी, आणि अंधारात. काकांनी लुंगी खोचली आणि क्लीनर झाले. दुचाक्या पोरांनी उचलून बाजूला केल्या. कपडे वाळत घालायची काठी घेऊन मी बाल्कनीतून वायरी वर धरत होते. गाडी पुढच्या खिडकीसमोर सरकली की तिथली बाई आपली काठी घेऊन तयार. एक थाप, दोन थापा. “येऊ दे, येऊ दे, डावी मार, आता सरळ… बास, बास, बास!” ते ‘बास’ जरा उशिरा आलं आणि भिंतीचा कोपरा गेला. तरी केबिनमधली बाई सांगतच होती, पुढे वळा म्हणून. शेवटी काका ओरडले, “अरे तिला गप्प कर आधी!”

सव्वातीनला गाडी रुंद रस्त्याला लागली. कुणीतरी चहा आणला. पोरगा कठड्यावर बसला, हात थरथरत होते. काकांनी बापाच्या वयाचा माणूस विचारतो तसं विचारलं, की बाबा रे, शिरण्याआधी एकदा कुणाला विचारायचं नाही का?

“पहले पूछता था, चाचा,” तो म्हणाला. “लोग हँसते थे। कोई उल्टा रास्ता बता देता था। ये,” त्याने खिशावर हात ठेवला, “ये ग़लत बताता है, पर डाँटता नहीं।”

काका काही बोलले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे बीडचं पोरगं.

मग काकांनी त्याला साताऱ्याकडे निघायचा रस्ता सांगितला, अगदी मनापासून, हातवारे करून, आणि त्यात एक जुना जकात नाका होता. पोराने तो फोनवर शोधून पाहिला. मिळाला नाही. तेव्हा मी चहाच्या पुड्याचा कागद फाडला आणि रेघा मारायला लागले. सर्व्हिस रोड, पुलाखालून वळण, स्वामीनारायण मंदिर दिसलं की वर चढ. मंदिराला कळस काढला. गंमत म्हणजे मी या भागात नऊ वर्षं राहते, आणि सर्व्हिस रोडवरून वर चढायची फट नेमकी मंदिराच्या अलीकडे की पलीकडे, ते मला आठवेना. रोज फोन सांगतो ना. काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि अलीकडे फुली मारली.

भिंतीच्या कोपऱ्यावरून सोसायटीची सभा झाली. आमच्यातल्या एका इंजिनियर मुलाने नकाशाच्या ॲपवर तक्रार नोंदवायचा प्रयत्न केला. रस्ता बंद आहे? नाही. रस्त्याचं नाव चुकलंय? नाही. हवा तो पर्याय त्याला सापडला नाही. त्यानेच सांगितलं, की रस्ता मोकळा आहे की तुंबलेला, हे नकाशाला लोकांच्या फोनवरूनच कळतं. म्हणजे गल्ली वाहती आहे, ही बातमी त्याला आमच्याच स्कूटरींनी दिलेली. यावर सभेत थोडी शांतता पसरली. मग पुण्यात जे होतं ते झालं. पाटी लावायची ठरली. मजकुरावर पाऊण तास चर्चा झाली, एका बाईंनी ‘मोबाईल’चं ऱ्हस्वदीर्घ तपासलं, आणि गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्यावर लाल अक्षरात पाटी लागली : ‘हा रस्ता ट्रकसाठी पुढे जात नाही. मोबाईल म्हणत असेल तरी जात नाही. भिंत आमच्या खर्चाने दुसऱ्यांदा बांधली आहे.’

मागच्या आठवड्यात दुसरा ट्रक आला. नागालँड पासिंग, ड्रायव्हर तमिळ बोलणारा, सोबत कुणी नाही. मी दूध घेऊन येत होते. गाडी पाटीपाशी येऊन थांबली. तो बराच वेळ काचेतून त्या लाल अक्षरांकडे बघत राहिला. मग दार उघडून खाली उतरला, पाटीसमोर उभा राहिला, खिशातून फोन काढला आणि त्याचा कॅमेरा पाटीवर धरला. फोनने पाटी वाचली, त्याच्या भाषेत सांगितली. तो हसला, फोन खिशात टाकला, आणि मला हाताने खूण केली, मागे कुणी आहे का बघा म्हणून.

दुधाची पिशवी कठड्यावर ठेवून मी गाडीच्या मागे गेले. दोन थापा मारल्या.